केशरी करेक्टर आणि कन्सीलर: एसटीच्या ड्युटीवर चार महिने वापरून बघितलं

मी एसटीत कंडक्टर आहे, लातूर जिल्ह्यात, आठ वर्षं झाली. हे आधीच सांगते कारण डार्क सर्कल झाकायच्या मेकअपचे मी जेवढे व्हिडिओ बघितले त्यातल्या पोरी एसीच्या खोलीत लाईटसमोर बसून लावतात, लावून झालं की हसतात आणि व्हिडिओ संपतो, पुढं दुपारी दोन वाजता त्या चेहऱ्याचं काय होतं ते कुणीच दाखवत नाही. माझी पहाटे साडेपाचची गाडी असते. खिडक्या उघड्या, रस्त्याचा फुफाटा, मे महिन्यात बेचाळीस डिग्री ऊन, आणि दिवसभरात शेकडो माणसं हातभर अंतरावरून माझ्या तोंडाकडं बघत तिकीट घेतात. तिथं टिकलं तरच ते माझ्या कामाचं. फेब्रुवारीपासून मे संपेपर्यंत तीन वस्तू वापरल्या, केशरी करेक्टर म्हणजे काळेपणा मारायला खाली लावायचा रंग, स्किनच्या शेडचं कन्सीलर म्हणजे डाग झाकायचं क्रीम आणि शेवटी वरून मारायची लूज पावडर, त्याबद्दल लिहायलेय.

कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही. कारण नाव टाकलं की तुम्ही माझ्याच नंबरची शेड ऑनलाईन मागवणार आणि ती तुमच्या तोंडाला लागणार नाही, मी स्वतः असं दोनदा केलंय. ह्या प्रकारात कंपनीपेक्षा शेड महत्त्वाची, शेड बरोबर असेल तर मधल्या किमतीची कुठलीही चांगली कंपनी काम देते.

आता माझा प्रॉब्लेम काय होता ते. डोळ्याखाली काळं तर मला कॉलेजपासूनच आहे, माझ्या आईला आहे, मामाला आहे, म्हणजे घराण्यातूनच आलेलं. त्यात दुसऱ्या डिलिव्हरीनंतर दोन्ही गालांवर वांग आले, आणि हनुवटीवर जुन्या पिंपल्सचे डाग. मुक्कामी गाडी असली की परक्या गावात झोप ती कितीशी लागणार. तर रोज कुणी ना कुणी विचारायचंच, ताई बरं नाही का, मॅडम झोप झाली नाही का. ह्याची मला सवय झाली होती. पण गेल्या दिवाळीनंतर एका आजीनं तिकीट घेता घेता माझी हनुवटी हातात धरली आणि हळूच विचारलं, "माय, घरी तरास हाय का? मारतो का गं नवरा?" मी नाही म्हणले तरी त्यांना पटलं नाही, उतरताना परत माझ्या हातावर हात ठेवून गेल्या. आमचे मिस्टर फार चांगले आहेत, माझी पहाटेची ड्युटी असली की चारला उठून चहा करून देतात. त्या माणसाबद्दल माझ्या तोंडाकडं बघून कुणी असं समजावं ह्याचं मला इतकं वाईट वाटलं की डेपोत कॅश भरून झाल्यावर रेस्टरूममध्ये बसून रडले. त्या आजींचा राग नाही आला, त्यांनी मायेनंच विचारलं होतं. पण त्या दिवशी ठरवलं की ह्याच्यावर काहीतरी करायचं.

आधी जे चुकीचं केलं ते सांगते कारण बहुतेक जणी तेच करतात. नणंदेच्या लग्नात एका पार्लरवालीनं माझ्या डोळ्याखाली माझ्या रंगापेक्षा दोन शेड उजळ कन्सीलर थापलं, एकावर एक तीन थर. आरशात पाच मिनिटं बरं वाटलं, मग सगळं राखाडी पडलं, चुलीतली राख फासल्यासारखं, आणि वरून जी पांढरी पावडर मारली होती ती फ्लॅशच्या फोटोत डोळ्याखाली दोन पांढरे चंद्र होऊन आली. अल्बममधे तो फोटो आजही आहे. त्यानंतर मी दोनदा ऑनलाईन कन्सीलर मागवलं, मोबाईलवर बघून शेड निवडली, एक पिवळं निघालं आणि एक गुलाबी.

दुसरी चूक जास्त मोठी. वांगासाठी एका मेडिकलवाल्यानं मला एक ट्यूब दिली, चिठ्ठी नाही काही नाही, म्हणला सगळ्या बायका हीच नेतात. पंधरा दिवसात गाल असे उजळले की शेजारणीनं नाव विचारलं. महिना दीड महिन्यानं उन्हात गेलं की आग व्हायची, गालावर बारीक लाल शिरा दिसायला लागल्या, बारीक पुरळ आलं, आणि ट्यूब बंद केली तर वांग आधीपेक्षा गडद होऊन परत आले. स्किनच्या डॉक्टरांनी ट्यूबवरची नावं वाचून दाखवली, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन, ह्यातलं मोमेटासोन म्हणजे स्टेरॉईड. हे औषध वाईट नाही, डॉक्टर स्वतः काही आठवड्यांसाठी देतात आणि लक्ष ठेवतात, पण मनानं लावत बसलं की कातडी पातळ होते. आणि डोळ्याजवळ तर लावायचंच नाही, स्टेरॉईड डोळ्याजवळ जास्त दिवस लावलं की डोळ्यातलं प्रेशर वाढू शकतं, मोतीबिंदू होऊ शकतो. मी डोळ्याखाली पण लावत होते. हे वाचणाऱ्या कुणाच्या कपाटात अशी ट्यूब असेल तर मेहेरबानी करून ती घेऊन डॉक्टरकडं जा, एकदम बंद करायची का हळूहळू ते त्यांनाच विचारा.

तर जानेवारीच्या शेवटी सुट्टीच्या दिवशी मी लातूरला गंजगोलाईत गेले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, गोलाई म्हणजे मधे गोल दोन मजली इमारत, आत देवीचं मंदिर, आणि सोळा रस्ते येऊन मिळतात, सोन्यापासून मिरचीपर्यंत सगळं तिथं मिळतं. तिथंच जवळच्या गल्लीत एक छोटं कॉस्मेटिकचं दुकान आहे, बांगड्या, टिकल्या, मेंदीचे कोन आणि एका बाजूला मेकअप. चालवणाऱ्या मावशी पन्नाशीच्या असतील. मी म्हणले मावशी डोळ्याखालचं काळं जाईल असं उजळ कन्सीलर द्या. त्यांनी दिलंच नाही. मला दुकानातून बाहेर रस्त्यावर उजेडात उभं केलं, माझी मान थोडी वर करायला लावली, मग डोळ्याखालची कातडी बोटानं हलकी बाजूला ओढून बघितली. म्हणल्या, "तुझं काळं निळसर आहे पोरी, त्याच्यावर पांढरं लावलं तर राखच होणार. आधी केशरी लाव."

मला काही कळलं नाही, तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते मी आता डेपोतल्या सगळ्या बायकांना सांगते. पांढरा सदरा पिवळा पडला की आपण काय करतो, नीळ घालतो. निळा रंग पिवळेपणाला मारतो आणि कापड पांढरं दिसतं, नीळ काय मळ काढत नाही. इथं त्याच्या उलट, काळपट निळ्याला केशरी मारतो. डोळ्याखालची कातडी सगळ्या अंगात पातळ, तिच्याखालच्या रक्ताच्या शिरा निळसर जांभळ्या दिसतात, त्यावर केशरी रंगाचा पातळ हात दिला की तो निळेपणा मरतो आणि मग वर आपल्या रंगाचं कन्सीलर अगदी थोडं पुरतं. गोऱ्या कातडीला पीच म्हणजे फिकट केशरी, माझ्यासारख्या सावळीला चांगलं केशरी, त्याहून गडद असेल तर लालसर केशरी. पिंपल ताजा लाल असेल तर त्याला हिरवा करेक्टर असतो, पण काळ्या पडलेल्या डागाला हिरवा लावायचा नाही, त्याला पण केशरीच. हे एवढं सोपं आहे आणि मला सदतीस वर्षाची होईपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

कन्सीलरची शेड त्यांनी हातावर बघू दिली नाही, आपले हात उन्हानं वेगळेच झालेले असतात. जबड्याच्या कडेला गालापासून मानेकडं तीन रेघा मारल्या, तीन शेडच्या, आणि म्हणल्या गोलाईला एक चक्कर मारून ये. मी तशीच, गालावर तीन रेघा घेऊन निघाले, एक किलो गूळ घेतला, पोरीसाठी चप्पल बघितली, पंचवीस मिनिटांनी परत गेले. तेवढ्यात एक शेड चांगलीच गडद झाली होती, एक गुलाबी दिसत होती, आणि एक कुठं लावली तेच शोधावं लागलं. ती घेतली. कन्सीलर हवेत आणि कातडीच्या तेलात वीस पंचवीस मिनिटात रंग बदलतं, दुकानात लावल्या लावल्या बघून घेतलं की घरी जाऊन फसतो. जे दुकान तुम्हाला चक्कर मारून यायला सांगतं ते चांगलं दुकान. टेस्टर, म्हणजे दुकानात लावून बघायला ठेवलेली डबी, ती पण त्या डोळ्याजवळ लावू देत नाहीत, गालालाच, आणि ते पण काडीनं काढून. दहा जणींची बोटं लागलेलं डोळ्याजवळ लावलं तर इन्फेक्शन व्हायला वेळ लागत नाही, आमच्याच डेपोत एकीनं दुसरीचं काजळ लावलं आणि चार दिवस रांजणवाडी घेऊन ड्युटी केली.

बिल असं झालं, करेक्टर ३५०, कन्सीलर ४७५, पावडर २८० आणि स्पंज ९०, एकूण ११९५ रुपये. मला ही रक्कम मोठी वाटली होती, खरं सांगते. पण शंभरेक ड्युट्या झाल्या तरी करेक्टरची डबी अजून पाव शिल्लक आहे, पावडर अर्धी आहे, फक्त कन्सीलर मे महिन्याच्या मधे संपलं. म्हणजे दिवसाला बारा रुपये धरा.

लावायची पद्धत मी महिनाभर चुकत चुकत शिकले. पहाटे चार वाजता माझ्याकडं दहा मिनिटं असतात. तोंड धुवून ओलसर असतानाच मॉइश्चरायझर, डोळ्याखाली पण, मग सनस्क्रीन. सनस्क्रीन दोन बोटांवर लांब रेघ येईल एवढं, तोंड आणि मान मिळून. मग वेणी घालायची, डबा भरायचा, सात आठ मिनिटं जाऊ द्यायची. हे थांबणं टाळलं की वर लावलेलं सगळं रबर खोडल्यासारखं गोळे होऊन निघतं, पहिला आठवडा माझं तेच झालं आणि मला वाटलं मालच खराब आहे. मग केशरी करेक्टर, हरभऱ्याच्या अर्ध्या डाळीएवढा दोन्ही डोळ्यांना मिळून, अनामिकेनं. त्या बोटाला जोर कमी असतो म्हणून. चोळायचं नाही, टिपत टिपत, आणि फक्त जिथं खरंच काळं आहे तिथं, म्हणजे नाकाकडच्या कोपऱ्यात आणि खालच्या खड्ड्यात. डोळ्याच्या कडेला जिथं हसल्यावर रेघा पडतात तिथं अजिबात नाही. ह्या वेळी आरशात माणूस विचित्र दिसतो, डोळ्याखाली केशरी चट्टे, माझी पोरगी पहिल्यांदा बघून घाबरली होती. एक मिनिट थांबून त्याच्यावर कन्सीलर, ओल्या करून घट्ट पिळलेल्या स्पंजनं दाबत. केशरी थोडंसं खालून झिरपतंय असं वाटलं तरी अजून थर द्यायचा नाही, उजेडात ते दिसत नाही. गालाच्या वांगावर पण तसंच, हनुवटीच्या डागांवर मात्र बारीक ब्रशनं फक्त डागावर टिंब आणि टिंबाच्या कडा तेवढ्या बोटानं मिटवायच्या. शेवटी पावडर, ब्रश झटकून मग लावायचा. पावडर जास्त झाली की दुपारी डोळ्याखाली कोरड्या नदीसारख्या भेगा पडतात.

आता टिकतं कसं ते, ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं. फेब्रुवारी मार्चमधे पहाटे लावलेलं दुपारी एकपर्यंत जवळजवळ तसंच राहिलं, मला स्वतःला विश्वास बसला नाही. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यानंतर मात्र साडेदहा अकरापासून नाकाकडच्या कोपऱ्यात निघायला लागायचं आणि एक वाजता डोळ्याखाली दोन रेघांत कन्सीलर गोळा व्हायचं. मधे निघालं तर काय करायचं, रुमालानं पुसायचं नाही, पुसलं की पट्टे पडतात. टिश्यू किंवा सुती रुमाल नुसता दाबून घाम उचलायचा, बोटानं ती रेघ टिपून सपाट करायची, पावडरचा हलका हात, झालं. मुक्कामाच्या ठिकाणी मी सगळं काढून पहाटे नव्यानं लावते, शिळ्यावर थर देत नाही.

खिडकीत किंवा बॉनेटच्या बाजूला बॅग ठेवू नका. माझी करेक्टरची डबी एप्रिलमधे एकदा पूर्ण पातळ झाली, रंग आणि तेल वेगळं झालं, घरी येऊन थंड जागी ठेवून काडीनं ढवळली तेव्हा कुठं वापरण्यासारखी झाली. आता डब्याच्या पिशवीत पाण्याच्या बाटलीला चिकटून ठेवते. डबीच्या खाली उघड्या झाकणाचं एक बारीक चित्र असतं आणि त्यात १२ किंवा १८ लिहिलेलं असतं, ते उघडल्यापासूनचे महिने, आपल्याकडच्या उन्हात तेवढ्याची पण वाट बघू नका, वास बदलला की टाकून द्या.

जे जमलं नाही ते पण सांगते. गालाचे वांग पूर्ण झाकत नाहीत. डोळ्याखाली मी दहापैकी नऊ देईन, वांगाला सहा. लांबून दिसत नाहीत, जवळून सावली दिसते, आणि पूर्ण झाकायला गेलं की तोंडावर मुखवटा येतो, तो मला नको. दुसरं, आपल्या भागात उन्हात निघायचं म्हणजे स्कार्फ बांधल्याशिवाय होत नाही, आणि स्कार्फ गालावरचं सगळं घेऊन जातो. मी डेपोपर्यंत स्कुटीवर स्कार्फ बांधून जाते, तर गालावरचं मी घरी लावतच नाही, डेपोत जाऊन लावते, डोळ्याखालचं तेवढं घरी. पांढरा स्कार्फ असेल तर केशरी डाग लवकर निघत नाहीत, भांड्याच्या साबणानं निघाले.

तिसरं म्हणजे खड्डा. काहींचं काळं हे रंगाचं नसतं, डोळ्याखाली खोलगट असतं आणि वरून उजेड पडला की त्याची सावली पडते. आरसा समोर धरून मान वर करा, खिडकीकडं तोंड करा, सावली गेली तर तो खड्डा आहे. तो कुठल्याच करेक्टरनं जात नाही, कारण तिथं झाकायला रंगच नाही. माझ्या डाव्या डोळ्याला थोडा आहे, तो मी आता सोडून दिला. आणि कातडी बाजूला ओढल्यावर काळं तसंच राहिलं तर ते कातडीतलंच, ओढल्यावर निळसर जांभळं जास्त दिसलं तर शिरांचं. हे मावशींनी रस्त्यावर केलं आणि डॉक्टरांनी पण अगदी तेच केलं. बऱ्याच जणींना ह्यातलं थोडं थोडं सगळंच असतं.

डॉक्टरांवरून आठवलं, मेकअपच्या रिव्ह्यूत हे बसत नसेल तरी लिहिणारच. त्यांनी क्रीम देण्याआधी रक्त तपासायला लावलं. माझं हिमोग्लोबिन ९.२ निघालं, बाईला १२ पाहिजे. मला काही होतंय असं वाटतच नव्हतं, जिना चढताना दम लागायचा तो मी ड्युटीवर ढकलायचे. रक्त कमी असलं की चेहरा फिका पडतो आणि डोळ्याखालचं काळं उठून दिसतं. हे काही मला एकटीला नाही, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्त कमी आढळलं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि गोळीसोबत चहा बंद. चहानं लोह अंगाला लागत नाही, आणि आम्ही कंडक्टर लोक तर प्रत्येक स्टँडवर चहा पितो. आता गोळी लिंबू पाण्यासोबत आणि चहा दोन तासांनी. डोळ्यात फुफाटा गेला की मी मनगटानं चोळायचे, ती पण सवय तोडली, सारखं चोळल्यानं पण तिथलं काळं वाढतं. साधा प्लेन चष्मा घातला, ऐंशी रुपयांचा, त्यानं फार फरक पडला.

वांगासाठी त्यांनी जे सनस्क्रीन दिलं ते रंग असलेलं आहे, कातडीच्या रंगाचं, त्यात आयर्न ऑक्साईड असतं. वांग नुसत्या अतिनील किरणांनी नाही, डोळ्याला दिसणाऱ्या उजेडानं पण गडद होतात आणि साधं पांढरं सनस्क्रीन तो उजेड अडवत नाही, हे आयर्न ऑक्साईडवालं बरंचसं अडवतं. त्याचा मेकअपला पण फायदा झाला, खाली आधीच थोडा रंग असल्यामुळं गालावर कन्सीलर निम्मं लागतं. दर दोन तासांनी परत लावा म्हणतात, भरलेल्या गाडीत मला ते शक्य नाही, मी दुपारच्या हॉल्टला एकदा टिपून लावते. फक्त एकदाच, तरी गालांची आग थांबली.

रात्री काढायला मी खोबरेल तेल वापरते, कापसावर घेऊन डोळ्यावर वीस सेकंद ठेवायचं आणि मग अलगद खाली ओढायचं, मग फेसवॉश. थकून आलं की तसंच झोपावंसं वाटतं, दोन वेळा झोपले तर दोन्ही वेळा हनुवटीवर पिंपल आले, म्हणजे नवीन डाग. स्पंज दर रविवारी साबणानं धुवून उन्हात वाळवते, ओला स्पंज डबीत बंद केला की वास मारतो आणि त्यात बुरशी धरते.

घरी सुट्टीच्या दिवशी मी काही लावत नाही. सासूबाई आधी म्हणायच्या कशाला रंगवतीस तोंड, आता एखाद्या लग्नाला जायचं असलं की हळूच मला म्हणतात, ते डोळ्याखालचं लावून दे गं. त्यांच्या कातडीला सुरकुत्या आहेत म्हणून त्यांना पावडर अजिबात लावत नाही, करेक्टर पण नावाला. डेपोतल्या तिघींनी त्याच मावशींकडून घेतलं, तिघींची शेड वेगळी निघाली. एकीला पीच, एकीला माझ्यापेक्षा गडद केशरी, आणि एकीला मावशींनी करेक्टर दिलाच नाही, म्हणल्या तुझा खड्डा आहे, पैसे घालवू नको. विकणारा माणूस असं म्हणतो तेव्हा त्याच्याकडं परत जावंसं वाटतं.

आता नवीन कन्सीलर आणलंय, ह्या वेळी अर्धी शेड गडद, कारण मे महिन्यात माझाच रंग उन्हानं उतरला आणि जुनी शेड पांढरट दिसायला लागली होती. तुम्ही पण उन्हाळ्याची शेड हिवाळ्यात चालेल असं धरू नका. हिमोग्लोबिन परवा परत बघितलं, ११ आलंय.

"बरं नाही का" असं आता क्वचित कुणी विचारतं. त्या आजी त्या रूटवर परत भेटल्या नाहीत, गाव कुठलं तेवढं लक्षात आहे, तिथं गाडी थांबली की मी दारातून बघते. भेटल्या तर शेजारी बसून सांगणार आहे की माय, घरी सगळं चांगलं आहे, माझं रक्त कमी होतं.